चपलेपासून चकतीपर्यंत

आमची गाडी पहिल्यांदा किंचाळली ती टिळक रस्त्यावरच्या सिग्नलला. पाटीवर खडू उभा धरून ओढावा ना, अगदी तशी. आजूबाजूच्या सगळ्या स्कूटरवाल्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मीही प्रसंगावधान राखून वळून मागच्या रिक्षाकडे पाहिले. पुण्यात कुठल्याही वाहनातून चमत्कारिक आवाज आला की तो रिक्षाचा असतो, असा एक सर्वमान्य समज आहे, आणि त्याचा फायदा मी गेली तीस वर्षे घेत आलो आहे. पण शेजारी बसलेल्या माणसाला फसवणे कठीण.

"अहो, आपलीच आहे ती," ही म्हणाली.

गाडी मेस्त्रींकडे नेली. डॉक्टर घशात पाहतात तशी त्यांनी चाकाच्या फटीतून बॅटरी मारली आणि निदान केले, "काका, पुढचे पॅड संपले. डिस्कपण गेल्या. खाचा पडल्यात बघा."

"पण ओरडते कशाला?"

"ओरडायलाच ठेवलंय त्याला. पॅड झिजत आला की पत्र्याची पट्टी डिस्कला घासते. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून."

हे ऐकून मी थक्क झालो. किंचाळणे हा बिघाड नसून सोय आहे! संसारात इतकी वर्षे काढूनही मला हा दृष्टिकोन सुचला नव्हता. (हे वाक्य हिने वाचले आहे. तरी ठेवले आहे.)

मेस्त्रींनी मग खर्चाचा आकडा सांगितला. तो मी इथे सांगत नाही. एवढेच सांगतो की त्या आकड्यावर मी आणि गाडी दोघेही जागच्या जागी थांबलो, ब्रेक न लावता. त्याच रात्री अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तिकडे म्हणे सामान स्वस्त आणि माणसाची मजुरी महाग, त्यामुळे चांगले शिकले-सवरलेले लोक रविवारी सकाळी आपल्या घरच्या गॅरेजात आडवे पडून ब्रेक बदलतात. "मामा, दोन तासांचं काम आहे. तुम्हीसुद्धा कराल," तो म्हणाला. त्यातल्या 'तुम्हीसुद्धा'कडे मी दुर्लक्ष केले. दोन तास मात्र लक्षात ठेवले. ते अमेरिकन तास होते. पुण्यात त्यांचे दोन रविवार झाले.

मी पेशाने इतिहासाचा मास्तर. पानिपतच्या पराभवाची कारणे तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिली. अशा माणसाच्या हातात पाना दिला तर तो आधी पान्याचा इतिहास शोधतो. तेव्हा पहिला नट सैल करण्यापूर्वी मी आठवडाभर ब्रेकचा इतिहास वाचून काढला. हिचे म्हणणे, नट सैल होत नव्हता म्हणून मी वाचत बसलो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तसा ब्रेकचा आणि माझा संबंध जुना. लहानपणी आमच्याकडे एक सायकल होती, तिला घंटी होती, कॅरिअर होते, ब्रेकचे दांडेही होते. फक्त दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हते. आळीतल्या सगळ्या पोरांची तीच गत. थांबायचे झाले की उजव्या पायातली चप्पल पुढच्या चाकाच्या टायरवर दाबायची. उतार मोठा असला तर दोन्ही पाय जमिनीवर घासत न्यायचे. उजवी चप्पल डावीच्या आधी का झिजते, हे आईला बरीच वर्षे कोडे होते. हा सगळा दरिद्री उद्योग असे मी समजत होतो. पण इतिहास वाचल्यावर कळले, आम्ही मोठ्या परंपरेतले होतो.

१८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावाहून बेर्था बेंझ नावाची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली. माहेर फोर्झहाइमला, वाट शंभर किलोमीटरच्या वर. वाहन म्हणजे नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझ यांनी, बनवलेली तीन चाकांची मोटार. नवऱ्याला न विचारता निघाली. मोटारीने कुणी इतक्या लांब गेल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो माहेरी जाण्यासाठी घडला, यात मला तरी नवल वाटले नाही. वाटेत इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो टोपीच्या टाचणीने काढला. एक तार उघडी पडली, तिच्याभोवती पायमोजा बांधायचा पट्टा गुंडाळला. चढावर पोरांनी उतरून ढकलले. चढाचे भागले, पण उतार आले तेव्हा खरी पंचाईत झाली. मोटारीला ब्रेक होता तो लाकडी ठोकळ्यांचा, आणि ठोकळे झिजून गेले. बाईने काय करावे? वाटेतल्या एका गावात चांभार गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले.

मोटारीच्या ब्रेकला लागलेले हे पहिले लायनर. ना कारखाना, ना इंजिनिअर. एक सासुरवाशीण आणि एक चांभार. कार्ल बेंझ यांनी पुढे बायकोच्या सूचनेवरून चढासाठी जादा गिअरही बसवला. बायकोच्या सूचना अमलात आणणारा शोधक म्हणून त्यांचे नाव वेगळे लिहायला हवे.

दुसरी गोष्ट इंग्लंडातली. डर्बीशर हा डोंगराळ मुलूख. तिथले शेतकरी घोड्याची गाडी उतारावरून नेताना जुना फाटका बूट चाकाला दाबून धरत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी हे पाहिले आणि त्यांच्या डोक्यात चक्र फिरू लागले, किंवा थांबू लागले म्हणा. बुटाच्या जागी काही चांगले टिकाऊ लावता येईल का? १८९७ साली त्यांनी घरच्या बागेतल्या खोपटात प्रयोग सुरू केले. त्यातून जो धंदा उभा राहिला त्याला नाव द्यायचे, तर त्यांनी आपल्याच आडनावाची अक्षरे उलटीसुलटी केली, त्यात एलिझाबेथ या बायकोच्या नावाचे आद्याक्षर घातले आणि 'फेरोडो' तयार झाले. गॅरेजाच्या भिंतीवर हे नाव मी लहानपणापासून वाचत आलो. एखाद्या इटालियन सरदाराचे असावे असे वाटे. निघाली डर्बीशरची एलिझाबेथवहिनी!

ब्रेकच्या आतल्या त्या वाकड्या तुकड्याला आजही 'ब्रेक शू' म्हणतात. म्हणजे जोडाच. पोरांनो, तुमची चप्पल वाया गेली नाही.

आता आमच्या किंचाळीकडे येतो. गाडीच्या पुढच्या चाकात जी लोखंडी चकती फिरते आणि जिला दोन बाजूंनी पॅड चिमटा काढतात, त्या डिस्क ब्रेकचे पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. विलक्षण बुद्धीचा माणूस. चकतीची कल्पना अगदी बरोबर होती. पण तिच्यावर दाबायला त्यांनी तांबे घेतले. धातूवर धातू! गाडी थांबताना असा काही आवाज होई की रस्त्यावरचे घोडे आणि गाडीतली माणसे सारखीच दचकत. शिवाय धुळीच्या रस्त्यांवर तांबे भराभर झिजे. चकती मागे पडली आणि पुढची पन्नासएक वर्षे राज्य केले ते ड्रमने. म्हणजे बंद डबा, आणि आतून बाहेर फाकणारे ते दोन जोडे. टिळक रस्त्यावर मला जी शरम वाटली ती लँचेस्टरसाहेबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भोगली होती, हे वाचून फार बरे वाटले.

ड्रमबद्दल मला पुस्तकातून काही शिकावे लागले नाही. १९७२ च्या मे महिन्यात वडिलांच्या सेकंडहँड फियाटमधून आम्ही खंबाटकीचा घाट उतरत होतो. पुढे वडील आणि आई, मागे आम्ही तीन भावंडे आणि आंब्याची करंडी. त्या काळच्या फियाटला काय नि अँबॅसडरला काय, चारी चाकांना ड्रम. निम्मा घाट उतरल्यावर गाडीत एक वास येऊ लागला. आई म्हणाली, "आंबा नासला वाटतं." वडील काही बोलले नाहीत. वडील घाटात बोलत नसत, पण ते न बोलणे निराळे होते. त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि गाडीचा वेग वाढत होता.

याचे कारण मला आत्ता समजले. सारखे ब्रेक दाबून ड्रम तापला की तो फुगतो, म्हणजे आतल्या जोड्यांपासून लांब जातो. जोडे त्याच्यामागे आणखी फाकत जातात, आणि इकडे पायाखालचा पेडल खाली खाली जातो. लायनरही तापून आपली पकड सोडते. बंद डबा, वारा कुठून लागणार? चकतीचे तसे नाही. ती उघड्यावर असते, वाऱ्यावर निवते आणि तापून जाड झालीच तर पॅडच्या जवळ येते. पण हे ज्ञान १९७२ साली त्या गाडीत कुणाकडे नव्हते. वडिलांनी गिअर खाली आणला, आणखी खाली आणला, इंजिनाने हंबरडा फोडला, मग हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला खडीच्या ढिगात घातली. ती थांबली. कुणी काही बोलले नाही. वडील उतरले, पायातली कोल्हापुरी काढली आणि चाकाखाली सारली. मग धोंडा शोधायला गेले. अनवाणी. धोंडा मिळाल्यावर त्यांनी चप्पल काढून घेतली, झटकली आणि पायात घातली.

तासाभराने ब्रेक निवले आणि पुन्हा लागू लागले. वडिलांनी त्या दिवशी पहिल्या गिअरमध्ये उरलेला घाट उतरवला. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. आईने सगळ्यांना सांगितली. तिच्या गोष्टीत मात्र मुख्य भाग आंब्यांचा होता.

पुण्याला आल्यावर गाडी आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेली. त्यांनी ड्रम उघडला आणि तोंडाने जोरात फुंकर मारली. करडी-पांढरी धूळ भसकन उडाली. आम्ही पोरे भोवती उभे होतो, आम्हाला मजा वाटली. फुंकर मारल्याशिवाय ड्रम उघडला असे वाटतच नसे. त्या धुळीत ॲस्बेस्टॉस असे. फ्रूडसाहेबांनी बुटापासून सुरुवात केली खरी, पण लायनर शेवटी येऊन थांबले या दगडी धाग्यावर. जळत नाही, झिजत नाही, स्वस्त. जगभरच्या गाड्या पुढे अनेक दशके त्याच्यावर थांबल्या.

आणि माणसेही. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची एक बाई ॲस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या कामावर होती. १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, फुप्फुसे निकामी होऊन ती वारली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली, त्यांत हे दगडी कण सापडले आणि त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. गिरणीने तिला भरपाई दिली नाही. १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या धुळीचे नियम झाले, आणि ॲस्बेस्टॉसवर पुरती बंदी यायला १९९९ साल उजाडले. नियम कारखान्याचे होते. ड्रमवर फुंकर मारणाऱ्याला ते कुणी वाचून दाखवले नाहीत. आमचे जुने मेस्त्री पुढे फार खोकत. सगळे म्हणत, विडी. ते स्वतःही तसेच म्हणत.

मी आणलेल्या नव्या पॅडच्या खोक्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे छापलेले होते. तरीही मी धुळीवर फुंकर मारली नाही. ओले फडके घेतले. नातू म्हणाला, "आजोबा, फू करा ना, जाईल." त्याला मी इतक्या मोठ्याने ओरडलो की तो रडवेला झाला. मग त्याला ही सगळी गोष्ट सांगावी लागली. नातू आठ वर्षांचा. त्याने एकच विचारले, "मग त्या बाईला पैसे कुणीच नाही दिले?"

असो. चकती पुन्हा वर आली ती शर्यतींमुळे. डनलॉप कंपनीने विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवले होते. थांबायची घाई विमानाला मोटारीपेक्षा जास्त. ते जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीला बसवले आणि १९५३ साली फ्रान्समधली ल मां इथली चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जिंकली. गुपित वेगात नव्हते. बाकीचे वळणाच्या खूप आधी ब्रेक दाबू लागत. जॅग्वारवाले आणखी पुढे जाऊन दाबत, आणि चोवीस तासांनंतरही त्यांचे ब्रेक लागत होते. उशिरा थांबणारा जिंकतो, असे एकूण.

पण दोन वर्षांनी त्याच ठिकाणी, ११ जून १९५५ ला, डिस्कवाली जॅग्वार थांबण्यासाठी वेग कमी करू लागली, तिला चुकवायला मधली गाडी बाजूला झाली आणि मागून वेगाने येणारी ड्रमवाली मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. रस्ता अरुंद होता, आणखीही कारणे होती. पण पुढच्याला थांबता येते आणि मागच्याला येत नाही, ही त्यांतली एक गोष्ट होतीच. त्याच वर्षी सित्रोएनची डीएस ही गाडी आली आणि चकती शर्यतीच्या मैदानातून साध्या गिऱ्हाइकाच्या चाकात शिरली. आपल्याकडे यायला तिला बरीच वर्षे लागली. आपल्याकडच्या मालट्रकांमागे तेव्हा 'हॉर्न ओके प्लीज' लिहीत. ब्रेक ओके असल्याचा दावा कुणी केल्याचे मी वाचलेले नाही.

पहिल्या रविवारी सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला लागलो. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट जमिनीवरच सैल केले (भाच्याची ताकीद), मग जॅक चढवला, चाक काढले आणि ते गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवले. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही. एव्हाना सोसायटीतले चार सल्लागार जमले होते. पाचवे तळमजल्यावरचे काका. ते खुर्ची घेऊनच आले.

कॅलिपर, म्हणजे तो चिमटा, सुटा केला. आता हा जड लोखंडी ऐवज रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, नळी ताणते. कशाने तरी वर बांधायला हवा. सल्लागारांनी सुतळी, तार, शर्टाचा पट्टा असे पर्याय सुचवून मतभेद निर्माण केले. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हिने हाक मारली, "अहो, हे घ्या," आणि परकराची एक नवी कोरी नाडी खाली टाकली. कॅलिपर स्प्रिंगला बांधला. बेर्थाबाईंचा मोज्याचा पट्टा आणि आमची नाडी! त्या क्षणी मला घराण्याचा अभिमान वाटला.

जुनी चकती गंजून हबला अशी चिकटली होती की हातोडीला दाद देईना. भाच्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र. तो झोपेत म्हणाला, "मामा, चकतीला दोन भोकं आहेत बघा. आट्यांची. त्यांत बोल्ट पिळा, आपोआप सुटेल." पिळले. ठण्ण करून चकती बाहेर आली. तिच्या कडेला किमान जाडी कोरलेली होती, आमची केव्हाच त्याच्या खाली गेली होती. खाचा तर अशा, की ग्रामोफोनवर लावली असती तर वाजली असती. नवी चकती तेलकट होती, गंजू नये म्हणून कारखान्यातून तसे देतात. मी तशीच बसवायला निघालो, तर चहा घेऊन आलेली ही म्हणाली, "नवा तवा कुणी न धुता वापरतं का?" पेट्रोलच्या फडक्याने पुसली. तेल राहिले असते तर नवे पॅड पहिल्याच दिवशी नासले असते. हे भाच्याच्या यादीतही होते म्हणा, पण मी तिथवर पोचलो नव्हतो.

नवे पॅड जाड, म्हणून कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्याला सुताराचा शिकंजा लावला. दट्ट्याच्या मागे असते ब्रेक ऑइल. पाय दाबला की त्याच्या दाबानेच दट्ट्या पुढे येतो. पास्कलचा नियम, शाळेत शिकलेला. तो मोटारीला लावला माल्कम लॉकहीड यांनी. त्यांचा भाऊ ॲलन विमाने बनवी. एक भाऊ उडवणार, दुसरा थांबवणार. आईबापांनी समतोल राखला होता. १९२१ च्या डूझनबर्ग गाडीला चारी चाकांना असे ब्रेक होते. या ऑइलचा एक दुर्गुण आहे. पावसाळ्यात मीठ सर्दळते तसे ते हवेतले पाणी ओढते. साध्या प्रतीचे नवे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी प्यायलेले १४० लाच उकळायला लागते. उकळले की वाफ, आणि वाफ दाबली जाते; दाब चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून ते दर दोनेक वर्षांनी बदलायचे. आमचे किती वर्षांचे होते ते हिला सांगितलेले नाही.

मधले सहा दिवस गाडी जागची हलवली नाही. दुसऱ्या रविवारी दुसरे चाक केले, तासाभरात. सल्लागार नाराज झाले. मी हात धुतले, ऐटीत गाडीत बसलो, गाडी सुरू केली, रिव्हर्स घातला आणि थांबायला ब्रेक दाबला. पाय थेट फळीला लागला.

गाडी थांबली नाही. मागे वॉचमनची खुर्ची होती. सुदैवाने वॉचमन चहाला गेला होता. खुर्ची मोडल्याचा आवाज आला, मग मला हँडब्रेक आठवला.

झाले होते एवढेच की मागे ढकललेले दट्ट्ये अजून मागेच होते. गाडी हलवण्यापूर्वी पेडल आठ-दहा वेळा मारून ते पॅडपाशी आणायचे असतात. हे भाच्याने लिहिले होते, ठळक अक्षरांत, यादीच्या शेवटी. कागदाच्या पाठीमागे. पोरांना तेहतीस वर्षे सांगत आलो, प्रश्नपत्रिका उलटून पाहा, मागेही प्रश्न असतात!

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नातू दहा मिनिटांपूर्वी त्याच खुर्चीवर बसून पाय हलवत होता. हिने त्याला जेवायला वर बोलावले म्हणून तो गेला होता. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. वडील घाटात का बोलले नसतील ते समजले.

वॉचमनला नवी खुर्ची आणली. तो ती भिंतीच्या आड मांडतो.

मग पेडल मारमारून कडक केले, मेस्त्रींना बोलावून सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासून घेतले. त्यांनी चारदा पाना फिरवला, "बरोबर आहे काका," म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, हलकेच कमी करायचा, पुन्हा घ्यायचा असे आठ-दहा वेळा करून पॅड आणि चकतीची ओळख करून दिली. आणि पुढच्या रविवारी हिला आणि नातवाला घेऊन कात्रजचा जुना घाट चढून, बोगद्यापाशी गाडी वळवून, पुण्याकडे उतरू लागलो.

हिच्या बाजूला ब्रेक नाही. पण प्रत्येक वळणावर हिचा उजवा पाय समोरच्या फळीवर दाबला जात होता, चप्पल काढून. मी पाहिले आणि काही बोललो नाही. गाडी जिथे म्हणेन तिथे थांबत होती. आवाज नाही, वास नाही. खाली आल्यावर हिने पाय सैल सोडला, चप्पल घातली आणि म्हणाली,

"माझी नाडी कुठेय?"